इलेक्ट्रिकलचं प्राध्यापकपद: अंबडच्या टेस्टिंग विभागातून मशीन लॅबकडे यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्येच इलेक्ट्रिकलची बी.ई. झाली, अंबडच्या एका स्विचगिअर (वीज जोडायची-तोडायची उपकरणं) कारखान्यात टेस्टिंगला तीन वर्षं झाली आणि आता शिकवावंसं वाटतंय. एम.टेक. करून प्राध्यापक व्हावं का, हा पेशा शेवटपर्यंत कसा जातो, पैसा किती मिळतो आणि निवृत्तीला हातात काय पडतं, हे तुम्हाला हवंय. घरून मात्र 'हातची नोकरी सोडू नकोस' असं सांगणं चालू आहे.

मी हा पेशा नाशिकमध्ये लेक्चरर म्हणून सुरू केला आणि विभागप्रमुख होऊन इथेच निवृत्त झालो. त्याआधी काही वर्षं सातपूरला कारखान्यात होतो. त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. माझं उत्तर आहे, या. मात्र एम.टेक. नीट, पूर्ण वेळ करा, आणि ज्या कॉलेजात जाल तिथली मशीन लॅब स्वतः पाहिल्याशिवाय सही करू नका. इलेक्ट्रिकलच्या शिक्षकाचा हात यंत्रावर किती वर्षं राहिला, यावर त्याचं अख्खं करिअर उभं असतं. पदं वाढत जातात, खुर्ची बदलते, पण लॅब सुटली की हा माणूस वर्गात पुस्तक वाचून दाखवायला लागतो, आणि मुलांना ते आठवड्याभरात कळतं.

आमच्या पिढीची सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो, कारण आजच्या अडचणींचं मूळ तिथेच आहे. १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी नाशिकच्या मुलाला इलेक्ट्रिकलची पदवी घ्यायची तर पुणे, मुंबई, सांगली, कराड, औरंगाबाद असं कुठे तरी जावं लागे. १९८४ मध्ये नाशिकला के. के. वाघ कॉलेज सुरू झालं आणि पुढच्या काळात आणखी कॉलेजं आली. शिक्षक मिळेनात. त्या काळी प्रथम वर्गातली बी.ई. लेक्चरर व्हायला पुरत असे, म्हणून सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून, वीज मंडळातून, पॉलिटेक्निकमधून माणसं आली. त्यांच्याकडे कागदावरच्या पदव्या कमी होत्या, पण पॅनल उघडून उभं राहायची सवय होती. नव्या कॉलेजात लॅब उभी करायची म्हणजे फाउंडेशनचे बोल्ट कुठे यायचे, डीसी सप्लायचा मोटार-जनरेटर सेट कुठे बसवायचा, अर्थिंगचे खड्डे कुठे घ्यायचे, सगळं स्वतः ठरवायचं. ज्यांनी ते केलं त्यांना पुढे तीस वर्षं त्या लॅबमधली प्रत्येक केबल कुठून कुठे जाते हे पाठ होतं. ते शिक्षक आता निवृत्त झालेत. त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी बी.ई., लगेच एम.ई., लगेच नोकरी अशा वाटेने आलेल्यांनी घेतली आहे. ही मुलं हुशार आहेत, मेहनती आहेत, पण जळलेलं वाइंडिंग त्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. म्हणून तुमच्यासारखी टेस्टिंगमधली व्यक्ती यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

लॅब म्हणजे काय, ते एका प्रयोगावरून सांगतो. अल्टरनेटर सप्लायशी सिंक्रोनाइझ करणं, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र चालू सप्लायशी ताळ जुळवून जोडणं. तुम्ही तो विद्यार्थी म्हणून केला असेल, आता शिक्षकाच्या जागेवरून पाहा. डीसी मोटारने अल्टरनेटर फिरवायचा, एक्सायटेशन (चुंबकत्वासाठीचा डीसी करंट) देऊन व्होल्टेज जुळवायचं, स्विचच्या दोन्ही बाजूंमध्ये प्रत्येक फेजला बल्ब. दोन बाजू विरुद्ध आल्या की बल्बांवर फेज व्होल्टेजच्या दुप्पट, म्हणजे ४६० व्होल्टपर्यंत येतात, म्हणून २३० चे दोन बल्ब सिरीजमध्ये लावायचे. हे न सांगता बल्ब जोडायला दिले तर पहिल्याच मिनिटाला उडतात. मग मुलं वेग कमी-जास्त करतात आणि बल्बांची उघडझाप संथ होत जाते. तिन्ही एकदम विझत-पेटत असतील तर फेज सिक्वेन्स, म्हणजे तिन्ही फेजचा क्रम, बरोबर. एकामागून एक पेटत फिरायला लागले तर सिक्वेन्स उलटा आहे, तिथे थांबायचं आणि दोन तारा बदलायच्या. बल्ब विझलेले असताना, त्या काळोख्या अवधीच्या मधोमध स्विच टाकायचा. बरोबर पडला तर यंत्राचा आवाज जराही बदलत नाही. घाईने पडला तर दणका बसतो, अमीटरचा काटा टोकाला आपटतो आणि गटातली पाचही मुलं दोन पावलं मागे सरकतात.

शिक्षकाचं खरं काम त्या काही सेकंदांत असतं. स्विच मुलांनीच टाकायचा असतो, तुम्ही नाही. पण तुमचा हात ट्रिपच्या बटणाजवळ असायला हवा आणि नजर बल्बांवर नको, मुलाच्या हातावर हवी. हीच गोष्ट डीसी शंट मोटारची. चालत्या मोटारचं फील्ड (चुंबकत्व तयार करणारं वाइंडिंग) तुटलं की फ्लक्स जवळजवळ शून्यावर येतो आणि हलक्या लोडवरची मोटार बेभान पळत सुटते. हे फळ्यावर समीकरणाने दोन मिनिटांत सिद्ध होतं. पण फील्डचा ऱ्हिओस्टॅट ढिला आहे, त्याचा सरकता संपर्क मधेच सुटतो, हे ज्याने सकाळी लॅबमध्ये येऊन हाताने तपासलं तोच त्या दिवशीचा शिक्षक. तीन-पॉइंट स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल फील्डच्या सिरीजमध्ये का असते, हे त्या ऱ्हिओस्टॅटजवळ उभं राहून सांगितलं की मुलं जन्मभर विसरत नाहीत.

आता तुमच्या अनुभवाकडे येतो. टेस्टिंगमधली तीन वर्षं तुम्हाला 'तेच तेच काम' वाटत असतील. शिकवायला आलात की ती पुंजी ठरेल. ११ केव्हीच्या सिस्टिमवर चालणाऱ्या, १२ केव्ही रेटिंगच्या ब्रेकरवर तुम्ही रोज २८ केव्ही एक मिनिट लावता. त्याचीच टाइप टेस्ट करताना ७५ केव्हीचा इम्पल्स देतात. एवढा फरक कशासाठी? एक मिनिटाची टेस्ट इन्सुलेशनमधला कच्चेपणा पकडते, इम्पल्स विजेच्या कडकडाटाने लाइनवर येणाऱ्या क्षणिक व्होल्टेजची नक्कल करतो. पुस्तकात या दोन ओळी असतात. तुम्ही मात्र इन्सुलेटरवर ट्रॅकिंग होऊन नाकारलेला नमुना पाहिलेला असतो. कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स मायक्रोओहममध्ये का मोजायचा आणि तो मोजायला १०० अँपिअर डीसी का सोडायचा, व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये कॉन्टॅक्ट जेमतेम काही मिलिमीटर सरकतात तरी ११ केव्हीचा आर्क कसा विझतो, चालू लाइनवर सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी उघडी का ठेवायची नाही, ही उत्तरं तुमच्या हातात आहेत. स्विचगिअर अँड प्रोटेक्शन हा विषय महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आकृत्यांवर शिकवला जातो. तुम्ही तो वस्तूंवर शिकवू शकाल. कारखान्यातून भंगारात जाणारा एखादा व्हॅक्यूम इंटरप्टर, कापलेला सीटी, जुना इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले रीतसर मागून घ्या. परवानगीचं पत्र लागतं, पण मागितलं की बहुतेक कारखाने देतात.

नाशिकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवण्याचं सुख असं की शहराच्या चारी बाजूंना हा विषय प्रत्यक्ष उभा आहे, आणि तरीही बरीच कॉलेजं वर्षाकाठी एक 'इंडस्ट्रियल व्हिजिट' काढून सहीचे कागद जमा करतात. एकलहऱ्याला औष्णिक केंद्र आहे. १४० मेगावॉटचे पहिले दोन संच सत्तरच्या सुरुवातीचे, ते आता बंद झाले. २१० मेगावॉटचे तीन संच त्यानंतरचे. त्या २१० च्या जनरेटरसमोर मुलांना उभं करून विचारायचं, ५० हर्ट्झ आणि दोन पोल, मग वेग किती? मिनिटाला ३,००० फेरे हे उत्तर सगळ्यांना येतं. मग विचारायचं, जनरेटरचं व्होल्टेज १५.७५ केव्हीच का, थेट २२० केव्ही का काढत नाहीत? आत हायड्रोजन का भरलाय? इथे गप्प बसतात, आणि स्लॉटमधल्या इन्सुलेशनची जाडी, हवेचं घर्षण आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता यांचा धडा तिथेच, त्या आवाजात, ओरडून शिकवावा लागतो. तो वर्गातल्या चार तासांपेक्षा जास्त पोचतो.

नाशिकरोडला रेल्वेची ट्रॅक्शन मोटार दुरुस्त करणारी कार्यशाळा आहे आणि रेल्वेच्या विद्युत अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था, इरीन, १९८८ पासून आहे. इगतपुरीला एके काळी १,५०० व्होल्ट डीसी आणि २५,००० व्होल्ट एसी यांची हद्द होती, गाड्यांची इंजिनं तिथे बदलत. व्होल्टेज वाढवलं की करंट कमी, करंट कमी की तार बारीक आणि सबस्टेशन दूर दूर, हे त्या एका स्टेशनवर समजावता येतं. ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना आहे. विमानात ४०० हर्ट्झचा सप्लाय वापरतात, कारण फ्रिक्वेन्सी वाढली की त्याच व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मर आणि मशीनचं लोखंड कमी लागतं, वजन घटतं. ट्रान्सफॉर्मरचं ईएमएफ समीकरण शिकवताना मी दरवर्षी हे उदाहरण घेत असे, आणि वर्गात कोणाचे तरी वडील एचएएलमध्ये असायचेच, ते मूल त्या दिवशी ताठ बसायचं. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, १२५ मेगावॉटचे दोन संच. दिवसा मागणीच्या वेळी पाणी खाली सोडून वीज, आणि रात्री तेच यंत्र उलटं मोटार म्हणून फिरवून पाणी वर. सिंक्रोनस मशीन जनरेटर आणि मोटार दोन्ही असतं, हे सांगायला यापेक्षा मोठं उदाहरण महाराष्ट्रात शोधावं लागेल.

पण या सगळ्यापेक्षा मला ज्याने जास्त शिकवलं ते शेत. निफाड, दिंडोरी, चांदवडकडची मुलं आमच्या वर्गात नेहमीच असायची. द्राक्षाची छाटणी झाली की पाण्याची ओढ, आणि त्याच वेळी गावची डीपी जळायची. एका वर्षी अंतिम वर्षाच्या गटाला मी तयार प्रोजेक्ट विकत आणू दिला नाही आणि त्यांच्याच गावची डीपी अभ्यासायला लावली. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. ४३३ व्होल्टला त्याचा फुल लोड करंट साधारण ८४ अँपिअर. पाच एचपीची पाणबुडी मोटार आठेक अँपिअर घेते. म्हणजे दहा मोटारी चालल्या की ट्रान्सफॉर्मर भरला. मुलांनी क्लॅम्प मीटर घेऊन वेगवेगळ्या वेळी करंट मोजला, तर वीज येताच ऑटो स्विचमुळे सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि सुरुवातीचा करंट मीटरची रेंज ओलांडून जातो. पेटीतल्या फ्यूजच्या जागी जाड तार. का? कारण फ्यूज रोज उडत होता. म्हणजे ज्याने ट्रान्सफॉर्मर वाचवायचा तोच काढून टाकलेला.

शेवटच्या विहिरीवर व्होल्टेज ३४० च्या आसपास भरलं. मोटारला पाणी तेवढंच ओढायचं असतं, व्होल्टेज पडलं की ती करंट जास्त घेते, तापते. त्यात एखादी फेज गेली की उरलेल्या दोन फेजमध्ये करंट १.७३ पट किंवा त्याहून वर जातो. काही शेतकरी कंडेन्सर लावून दोन फेजवरच मोटार चालवतात, कारण पिकाला पाणी आजच हवं असतं. त्यांना 'हे चुकीचं आहे' एवढंच सांगून परत येणं मला कधी पटलं नाही. मुलांनी हिशेब करून दाखवला, की मोटारींना नियमाप्रमाणे कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.७ वरून ०.९ वर आला तर तेवढ्याच कामाला करंट बावीसेक टक्के कमी, आणि वायरमधला लॉस करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो सुमारे चाळीस टक्के कमी. ऑटो स्विचला वेगवेगळा टाइम डिले दिला तर सगळ्या मोटारी एकदम उठणार नाहीत. या दोन गोष्टींना फार खर्च नव्हता. गावाने डिलेची गोष्ट लगेच ऐकली, कपॅसिटरची अर्धीमुर्धी. त्या गटातली मुलं तोंडी परीक्षेला बसली तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ठरलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ त्यांना प्रश्न विचारले, आणि मुलं एकाही प्रश्नाला अडली नाहीत.

आता याच शिवारांत सौर पंप बसताहेत. पीएम-कुसुम योजना २०१९ पासून आहे, आणि २०२४ पासून राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना. म्हणजे डीपीच्या जागी कंट्रोलर आणि व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह आला, ढग आला की मोटारीचा वेग का पडतो, पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारं एमपीपीटी काय करतं, हे शेतकरी विचारतो. तुमच्या काळातला अभ्यासाचा विषय हाच असेल, आणि तो गावातच शिकायचा आहे.

पदोन्नती आणि पदव्यांचं लवकर उरकतो, कारण नियम छापील आहेत. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) २०१९ च्या नियमांप्रमाणे पदवी कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला बी.ई. आणि एम.ई. दोन्ही हवेत, त्यांपैकी एकात प्रथम वर्ग. असोसिएट प्रोफेसरला पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव, त्यातली किमान दोन पीएच.डी.नंतरची, आणि मान्य यादीतल्या नियतकालिकांत सहा शोधनिबंध. प्रोफेसरला दहा वर्षं आणि त्यावर आणखी अटी. अनुभवात उद्योगातली वर्षंही धरतात, हे तुमच्या फायद्याचं. पीएच.डी. करा, पण विषय असा निवडा की त्याचा प्रयोग तुमच्याच लॅबमध्ये उभा राहील. फक्त संगणकावरच्या सिम्युलेशनवर झालेल्या पीएच.डी. मी पुष्कळ पाहिल्या. त्यातून पद मिळतं, पण पुढच्या वर्षी वर्गात सांगायला नवीन काही मिळत नाही. एम.टेक.साठी गेट ही प्रवेशपरीक्षा द्या. गेटमधून पूर्ण वेळ प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयआयटी मुंबई, व्हीएनआयटी, व्हीजेटीआय, सीओईपी अशा ठिकाणची लॅब दोन वर्षं वापरायला मिळते. नोकरी सांभाळून आठवड्याच्या शेवटी उरकलेली एम.ई. तुम्हाला पात्र करेल, तयार करणार नाही.

पैशांबद्दल सरळ बोलायला हवं. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. सरकारी आणि अनुदानित ठिकाणी ते मिळतं. विनाअनुदानित कॉलेजांत मात्र अनेकदा 'एकत्रित वेतन' म्हणून त्याच्या अर्ध्यावर बोळवण होते, आणि पगार दोन-दोन, चार-चार महिने रखडतो. मीही असे महिने पाहिले आहेत. जेव्हा इलेक्ट्रिकलच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या, सगळे कॉम्प्युटरकडे पळाले, तेव्हा शिक्षकांना उन्हाळ्यात गावोगाव विद्यार्थी गोळा करायला पाठवण्याची पद्धत काही संस्थांत आली. पंचवीस वर्षं पॉवर सिस्टिम्स शिकवलेल्या माणसाने ज्युनियर कॉलेजच्या फाटकाबाहेर माहितीपत्रकं वाटावीत, हे मला तेव्हाही सहन होत नव्हतं आणि आजही लिहिताना राग येतो. त्यात शिक्षकांचा काहीही दोष नव्हता. सोलर आणि इलेक्ट्रिक गाड्यांमुळे आज या शाखेला पुन्हा मागणी आहे, पण अशी लाट खाली-वर होतच राहते हे धरून चला.

निवृत्तीचं म्हणाल तर विनाअनुदानित कॉलेजात सरकारी पेन्शन नाही. प्रॉव्हिडंट फंडाबरोबर जी पेन्शन येते तिचा हिशेब पगाराची १५,००० ची मर्यादा धरून होतो, त्यामुळे तीस वर्षं नोकरी करूनही ती महिना सात हजारांच्या आत राहते. सरकारी नोकरीतही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळत नाही. ग्रॅच्युइटीवर मात्र शिक्षकाचा पूर्ण हक्क आहे. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना कायद्यात घेतलं, तेही ३ एप्रिल १९९७ पासून लागू करून, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. हिशेब सोपा आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. एक लाख वेतन आणि २६ वर्षं धरली तर १५ लाख होतात. माझ्या ओळखीतल्या काही जणांना संस्थेने 'शिक्षकांना ग्रॅच्युइटी नसते' असं सांगून परत पाठवलं, आणि त्यांनी ते खरं मानलं. तुम्ही मानू नका. एकत्रित वेतनावर सही करताना हेही लक्षात ठेवा, की मूळ वेतन किती आणि भत्ता किती हे नेमणूकपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर पुढे वाद तिथूनच सुरू होतो.

आता कॉलेज कसं पारखायचं. मुलाखतीच्या दिवशी, मुलाखत झाल्यावर विनंती करा: मला मशीन लॅब पाहायची आहे. टाळाटाळ झाली तर तेवढ्यावर निर्णय घ्या. दाखवली तर ब्रेक ड्रम पाहा. ज्या लॅबमध्ये लोड टेस्ट खरोखर होते तिथला ड्रम घासून चकचकीत असतो आणि पट्ट्याला जळका वास असतो. धूळ आणि गंज असेल तर रीडिंग जुन्या जर्नलवरून उतरतात. मीटरवर कॅलिब्रेशनचं लेबल कुठल्या तारखेचं आहे ते वाचा. टेबलांसमोर रबरी मॅट आहे का, मेन पॅनलवर आणीबाणीचं बटण आहे का आणि ते दाबून कोणी कधी पाहिलं का, विचारा. मग लॅब असिस्टंटशी बोला. तो किती वर्षं आहे, कायम आहे की कंत्राटी? ज्या कॉलेजाने लॅब असिस्टंट टिकवला त्या कॉलेजाची लॅब जिवंत असते. माझ्या नोकरीत ज्यांच्याकडून मी सर्वांत जास्त शिकलो ते एक आयटीआय झालेले लॅब असिस्टंट होते. बेअरिंग जायच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं. विभागात नवा शिक्षक आला की पहिला महिना मी त्याला त्यांच्याबरोबर बसवत असे.

तुम्ही मुलगी आहात म्हणून घरच्यांना वेगळी काळजी असेल. माझ्या सुरुवातीच्या वर्गांत मुली बोटांवर मोजण्याइतक्या असत. मोटारच्या जोडण्या त्या करायच्या आणि स्विच मुलं टाकायची, ही वाटणी मी कधी चालू दिली नाही. मशीन लॅबमध्ये नियम सगळ्यांना सारखा: ओढणी बाहेर, केस बांधलेले, सैल बाह्या वर, हातात कडं-अंगठी नाही, पायात बूट. फिरत्या कपलिंगला मुलगा-मुलगी समजत नाही. आज इलेक्ट्रिकलच्या वर्गात मुली पुष्कळ असतात, पण मशीन लॅबमध्ये उभी राहून शिकवणारी बाई त्यांना क्वचित दिसते. तुम्ही दिसलात तर त्या स्विचकडे आपणहून पुढे येतील.

निवृत्तीनंतर काम संपत नाही, हेही सांगतो. ऊर्जा लेखापरीक्षकाची बीईईची (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची) परीक्षा नोकरीत असतानाच देऊन ठेवा. द्राक्षाच्या शीतगृहांत, वायनरीत, कांद्याच्या निर्जलीकरण कारखान्यांत विजेचं बिल हा मोठा खर्च असतो आणि प्रामाणिकपणे मोजून देणारा माणूस त्यांना हवा असतो. मी स्वतः सध्या वायरमनचे वर्ग घेतो. घराघरांत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले सापडतात, गळती झाली की वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी 'सारखं पडतं' म्हणून बायपास केलेलं सापडतं. ते का पडतं हे शोधायला शिकवणं, हे अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षाइतकंच गंभीर काम आहे. हे वर्ग मला जमतात कारण निवृत्तीच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी प्रॅक्टिकलची बॅच सोडली नव्हती. विभागप्रमुखाला बॅच घ्यावी लागत नाही, तरी मी वेळापत्रकात एक स्वतःसाठी राखून ठेवत असे. मान्यतेच्या फायली, अभ्यासक्रमाचे बदलते पॅटर्न, समित्यांच्या भेटी, हे सगळं त्याच्या आजूबाजूला बसवायचं.

तूर्त काय करायचं ते सांगतो. नोकरी लगेच सोडू नका. गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, तोवर पगार घेत अभ्यास करा. तोपर्यंत शिकवून पाहायचं असेल तर पॉलिटेक्निकच्या लेक्चररला प्रथम वर्गातली बी.ई. पुरते, आणि अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर शिक्षक हवेच असतात. सुट्टीच्या दिवशीचा एखादा तास मागून बघा, पण आधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. कारखान्यात प्रोटेक्शन रिलेच्या टेस्टिंगला बदली मिळत असेल तर मागा, कारण ब्रेकर आणि रिले दोन्ही हाताळलेला शिक्षक फार थोड्या कॉलेजांकडे आहे. आणि निघताना अनुभवाचा दाखला 'इंजिनिअर म्हणून काम केले' एवढ्यावर घेऊ नका. कुठल्या व्होल्टेजची उपकरणं, कुठल्या टेस्ट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून घ्या, शिवाय फॉर्म १६ आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. स्थाननिश्चितीच्या, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत जाण्याच्या, वेळी उद्योगातली वर्षं मोजून घ्यायची असतील तर हेच कागद मागतात.